चाळीस संगणक, दोनशे चाळीस मुले: ऑनलाइन घटक चाचणी कशी घ्यावी?

प्रश्न थोडक्यात असा. विट्याजवळच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात अकरावी-बारावी विज्ञानाची मिळून २४० मुले आहेत. लॅबमध्ये ४० संगणक आहेत, घरी मुलांकडे मोबाइल आहे, तोही बऱ्याचदा वडिलांचा. मागची घटक चाचणी गूगल फॉर्मवर घेतली तेव्हा काहींचे पेपर सबमिटच झाले नाहीत, काहींची बरोबर उत्तरे चूक धरली गेली आणि वेळ संपायच्या आत उत्तरे ग्रुपवर फिरू लागली. मॅडम विचारतात, फॉर्मच नीट वापरावा की मूडल (ऑनलाइन शिकवण्या-परीक्षांचे सॉफ्टवेअर) बसवावे, आणि मुलांना काय सांगावे?

मॅडम, दोन्ही वापरा, पण कामे वेगळी ठेवा. घरून सोडवायचा सराव गूगल फॉर्मवर घ्या. ज्याचे गुण निकालात धरायचे ती चाचणी लॅबमध्ये, मूडलवर घ्या. घरी पेपर कोण सोडवतेय ते कळत नाही आणि रेंज कोणाच्या हातात नसते, म्हणून घरच्या पेपराचे गुण धरूच नयेत. कोणतेही सेटिंग करताना एक मुलगी डोळ्यांसमोर ठेवा: खानापूर घाटमाथ्यावरच्या वाडीत, दोन काड्या रेंजवर, वडिलांच्या फोनवर पेपर सोडवणारी. अभ्यास करूनही एखाद्या सेटिंगमुळे तिचा गुण जात असेल, तर ते सेटिंग चूक आहे.

आधी उत्तरे फुटली कशी ते बघू. फॉर्मला ‘क्विझ’ केले की गुण सबमिट केल्याबरोबर दाखवायचे हे सेटिंग आपोआप चालू असते, आणि त्यासोबत चुकलेले प्रश्न व बरोबर उत्तरेही दिसतात. पहिल्या दहा मिनिटांत एकाने सबमिट केले, स्क्रीनशॉट काढला, की उरलेल्यांसाठी पेपर संपलाच. सेटिंग्जमध्ये ‘रिलीज ग्रेड्स’ खाली ‘लेटर, आफ्टर मॅन्युअल रिव्ह्यू’ निवडा. बरोबर उत्तरे दाखवण्याची खूणही काढा. सगळ्यांचे झाल्यावर ती परत चालू करून निकाल सोडता येतो.

सबमिट न होण्याची कारणे बहुधा दोन असतात. एक म्हणजे ‘लिमिट टू वन रिस्पॉन्स’. हे चालू केले की गूगल खात्याने लॉगिन करावे लागते आणि एका खात्यावरून एकच उत्तरपत्रिका जाते. घरात अकरावीतला भाऊ आणि बारावीतली बहीण एकच फोन वापरतात. तुम्ही दोन्ही वर्गांना एकच फॉर्म दिला असेल तर भावाने पेपर दिल्यावर बहिणीला ‘तुम्ही आधीच उत्तर दिले आहे’ असे दिसते. हे सेटिंग बंद ठेवा. त्याऐवजी पहिल्या विभागात हजेरी क्रमांक घ्या आणि त्यावर पडताळणी लावा, म्हणजे तुमच्या क्रमांकांच्या हद्दीतला, समजा ११०१ ते ११८० या दरम्यानचा, आकडाच स्वीकारला जाईल. कोणी दोनदा पाठवले तर प्रतिसादांच्या शीटमध्ये ‘काउंटइफ’ हे मोजणीचे सूत्र लावून ते लगेच सापडते. पहिली नोंद धरायची की शेवटची, हे आधीच जाहीर करून ठेवा.

दुसरे कारण वेळेचे. फॉर्मला स्वतःचे घड्याळ नसते. आपण ठरल्या वेळी प्रतिसाद घेणे बंद करतो, आणि त्या क्षणी जिचा पेपर अर्धा भरलेला असतो तिचे काहीच पोचत नाही. अकराला पेपर संपतो असे सांगा आणि फॉर्म अकरा वाजून दहा मिनिटांनी बंद करा. शीटमध्ये सबमिट केल्याची वेळ येते, सुरू केल्याची येत नाही, त्यामुळे कोणाला किती मिनिटे लागली हे फॉर्मवरून ठरवू नका. फॉर्मचे फार विभागही पाडू नका. ‘पुढे’ दाबले की नेट लागते. रेंज गेलेली मुलगी प्रत्येक विभागापाशी अडकते. नावाचा एक विभाग आणि प्रश्नांचा एक, एवढे बास. प्रश्नांचा क्रम बदलण्याचे सेटिंग लावणार असाल तर नाव-क्रमांकाचा विभाग वेगळा हवाच, नाहीतर हजेरी क्रमांकाचा रकाना बाराव्या प्रश्नानंतर येतो आणि मुले गोंधळतात.

आता बरोबर उत्तर चूक धरले जाण्याचे. हे मराठी माध्यमात आणि सेमी-इंग्रजीत फार होते आणि याकडे फार कमी लक्ष जाते, म्हणून जरा सविस्तर सांगतो. यंत्र अर्थ बघत नाही, अक्षरांचे कोड जुळवते. गुरुत्व त्वरणाचे उत्तर तुम्ही उत्तरसूचीत इंग्रजी आकड्यांत लिहिले आणि मुलीने मराठी कीबोर्डवरून ९.८ असे टाकले, तर यंत्राच्या दृष्टीने ती दोन वेगळी उत्तरे आहेत. गुण शून्य. तेच ‘बँक’ आणि ‘बॅंक’चे, ‘संबंध’ आणि ‘सम्बन्ध’चे. ‘ॲसिड’मधला ‘ॲ’ तर दोन प्रकारे टाइप होतो: एका कीबोर्डवर ते एकच अक्षर असते, दुसऱ्यावर ‘अ’ अधिक वर चंद्र. डोळ्यांना दोन्ही सारखे दिसतात, कोड मात्र वेगळे. शब्दाच्या शेवटी चुकून पडलेली रिकामी जागाही काही ठिकाणी नडते.

म्हणून रिकाम्या जागा भरा आणि एका शब्दात उत्तरे हे प्रकार शक्यतो टाळा आणि पर्यायी प्रश्न घ्या. घ्यायचेच असतील तर सूचीत सगळी रूपे भरा: मराठी आकडे, इंग्रजी आकडे, एककासह, एककाशिवाय. आणि त्या प्रश्नांचे निकाल सोडण्याआधी उत्तरांचा रकाना एकदा डोळ्यांखालून घाला. २४० उत्तरे बघायला दहा मिनिटे लागतात.

जुन्या प्रश्नपत्रिका कॉपी करून वापरताना फाँटचा घोळ होतो. कृतिदेव, शिवाजी किंवा श्रीलिपीत टाइप केलेला मजकूर युनिकोड (सगळीकडे सारखी चालणारी अक्षरांची कोडपद्धत) नसतो. फॉर्ममध्ये किंवा मूडलमध्ये चिकटवला की इंग्रजी अक्षरे आणि चिन्हांचा काला दिसतो. तो आधी युनिकोडमध्ये बदलून घ्या आणि बदलल्यावर जोडाक्षरे, रफार आणि पहिली वेलांटी नीट तपासा, कारण रूपांतरात याच तीन ठिकाणी हमखास मोडतोड होते.

आता मूडल. हे मुक्त सॉफ्टवेअर आहे, २००२ साली आले, परवान्याचे पैसे लागत नाहीत. तुमच्या लॅबसाठी ते इंटरनेटवर ठेवण्याचीही गरज नाही. लॅबमधलाच एक बरा संगणक, ८ जीबी रॅम आणि एसएसडी असलेला, सर्व्हर म्हणून वापरा. दर १ जीबी रॅमला एका वेळी १० ते २० जण हा मूडलचा ढोबळ हिशोब आहे, त्यामुळे ४० मुलांना तो पुरून उरतो. बाहेरचे नेट गेले तरी लॅबमधले केबल-स्विच चालू आहेत तोवर परीक्षा चालू राहते. त्या संगणकाचा आयपी पत्ता (नेटवर्कवरचा क्रमांक) मात्र कायमचा ठरवून टाका. मूडल बसवताना तो पत्ता कॉन्फिग फाइलमध्ये लिहिला जातो. राउटरने दुसऱ्या दिवशी वेगळा पत्ता दिला की एकाही मुलाचे पान उघडत नाही.

नेट नसलेल्या लॅबमध्ये आणखी एक अडचण येते. मूडलमधली गणिती समीकरणे मॅथजॅक्स नावाचे छोटे सॉफ्टवेअर दाखवते आणि ते साधारणपणे इंटरनेटवरून उतरते. नेट नसेल तर समीकरणाच्या जागी कोड दिसतो. मॅथजॅक्सची प्रत सर्व्हरवरच ठेवा, नाहीतर समीकरणे चित्र म्हणून घाला. चित्रांचा आकारही सांभाळा. मोबाइलने काढलेला आकृतीचा फोटो सहज ३ एमबी भरतो. असे ५ फोटो आणि ३६ मुले म्हणजे ५४० एमबी. मूडल इंटरनेटवर ठेवले असेल तर २० एमबीपीएसच्या लाइनवर ते उतरायला साडेतीन मिनिटांहून अधिक लागतात. तीच चित्रे ८०० पिक्सेल रुंदीची, १०० केबीच्या आत केली तर काम ७-८ सेकंदांत होते. मोबाइलवरच्या सरावाला हा फरक आणखी जाणवतो.

मुलांची खाती एक्सेलमधून एकदम चढवता येतात. फाइल साठवताना ‘सीएसव्ही यूटीएफ-८’ हाच प्रकार निवडा, साध्या सीएसव्हीत मराठी नावांची प्रश्नचिन्हे होतात. पासवर्डचे मूळ नियम कडक असतात: किमान ८ अक्षरे, त्यात लहान-मोठी लिपी, आकडा आणि चिन्ह. हे मुलांना जमत नाही, त्यात मोबाइलचा कीबोर्ड पहिले अक्षर आपोआप मोठे करतो. लॅबपुरता हा नियम शिथिल करून ६ आकडी पासवर्ड द्या आणि चिठ्ठीवर छापून वर्गशिक्षकांकडे ठेवा.

प्रश्नपेढी हा सगळ्यात मोठा भाग आहे, वेळ तिथे घाला. ४० पैकी एक संगणक सर्व्हरला आणि ३ राखीव ठेवले तर एका बॅचला ३६ मुले, म्हणजे ७ बॅचेस. ४५ मिनिटांचा पेपर आणि बॅच बदलायला १५ मिनिटे धरली तर पहिल्या दिवशी ४ आणि दुसऱ्या दिवशी ३. सगळ्यांना तेच २० प्रश्न दिले तर तिसऱ्या बॅचपर्यंत पेपर एसटी स्टँडवर पोचलेला असेल. त्यासाठी प्रत्येक वर्गासाठी ६० प्रश्नांची पेढी करा आणि मूडलला प्रत्येक मुलासाठी त्यातून २० उचलू द्या. मग कोणत्याही दोघांचे सरासरी साडेसहाच्या आसपासच प्रश्न सारखे येतात. पण सरसकट उचलू देऊ नका, एकाला सगळे सोपे आणि दुसऱ्याला सगळे अवघड येतील. तीन कप्पे करा: सोपे २४, मध्यम २४, अवघड १२. त्यांतून अनुक्रमे ८, ८ आणि ४. तीन शिक्षकांनी प्रत्येकी २० प्रश्न काढले की एका विषयाची पेढी उभी राहते.

प्रश्न टाइप करायला ‘एकेन’ नावाची साधी पद्धत आहे. नोटपॅडमध्ये प्रश्न एका ओळीत, त्याखाली चार पर्याय वेगवेगळ्या ओळींवर, शेवटच्या ओळीत ‘आन्सर’ हा शब्द, अपूर्णविराम आणि बरोबर पर्यायाचे अक्षर. पर्यायांची अक्षरे आणि ‘आन्सर’ हा शब्द इंग्रजी मोठ्या लिपीतच हवेत. अ-ब-क-ड लिहिले तर फाइल चढत नाही. इथेही फाइल यूटीएफ-८ मध्येच साठवा.

प्रश्न कसा असावा याचे एक उदाहरण घेऊ. ‘५ अश्वशक्तीचा कृषिपंप रोज ६ तास याप्रमाणे ३० दिवस चालला, तर किती युनिट वीज लागेल? (१ अश्वशक्ती = ७४६ वॅट)’ उत्तर ६७१.४. आता चुकीचे पर्याय हवेतून घेऊ नका, मुलांच्या चुकांतून घ्या. अश्वशक्तीलाच किलोवॅट धरणारा ९०० वर येतो. दिवस गुणायचे विसरणारा २२.३८ वर थांबतो. तास विसरणारा १११.९ काढतो. निकाल आला की कोणत्या मुलाला नेमके काय समजले नाही हे पर्यायावरूनच कळते, आणि दुसऱ्या दिवशी फळ्यावर काय घ्यायचे ते ठरते. शिवाय पंप ३ किंवा ७.५ अश्वशक्तीचा केला की त्याच साच्यातून नवे प्रश्न तयार होतात.

पर्यायांचा क्रम बदलण्याचे सेटिंग चालू ठेवणार असाल तर ‘वरीलपैकी सर्व’ आणि ‘अ व ब दोन्ही’ हे पर्याय वापरू नका. क्रम बदलला की ‘वरीलपैकी सर्व’ सर्वांत वर जाऊन बसतो आणि त्याला काही अर्थ उरत नाही. असे प्रश्न ठेवायचेच असतील तर त्या प्रश्नापुरता क्रम स्थिर ठेवा.

चाचणीच्या सेटिंगमध्ये वेळमर्यादा ४५ मिनिटे, प्रयत्न एक, वेळ संपली की आपोआप सबमिट. मूडलची चाचणी बंद होण्याची वेळ आणि वेळमर्यादा या वेगळ्या गोष्टी आहेत. बंद होण्याची वेळ अकराची असेल आणि मुलगा पावणेअकराला बसला तर त्याला १५ मिनिटेच मिळतात. म्हणून बंद होण्याची वेळ शेवटच्या बॅचनंतरची, दुसऱ्या दिवशी संध्याकाळची ठेवा. ‘रिव्ह्यू ऑप्शन्स’मध्ये (मुलांना गुण-उत्तरे केव्हा दिसावीत ते ठरवणारे सेटिंग) चाचणी बंद झाल्यानंतरच्या रकान्यातच खुणा करा, बाकीच्या रकान्यांतल्या काढा. चाचणी उघडण्याचा वेगळा पासवर्ड लावा, तो फळ्यावर लिहून द्या आणि बॅचगणिक बदला. नेटवर्क पत्त्याच्या अटीत लॅबचेच पत्ते भरा म्हणजे पेपर बाहेरून उघडणार नाही. सेफ एक्झाम ब्राउझर हा खास परीक्षेचा ब्राउझर लावला तर दुसरी खिडकी उघडत नाही. तो विंडोज, मॅक आणि आयपॅडवर चालतो, अँड्रॉइडवर नाही, त्यामुळे लॅबपुरताच उपयोगी.

मूडल साधारण दर मिनिटाला उत्तरे आपोआप साठवते, आणि पान बदलले की लगेच साठवते. एका पानावर ४-५ पेक्षा जास्त प्रश्न ठेवू नका. एखादा संगणक बंद पडला तर मुलाला राखीव संगणकावर बसवा आणि लॉगिन करायला सांगा, पेपर तिथूनच पुढे सुरू होतो. घड्याळ मात्र थांबलेले नसते. गेलेली मिनिटे ‘युजर ओव्हरराइड’मधून (एकेका मुलापुरते सेटिंग बदलण्याची सोय) वाढवून द्या, पान पुन्हा उघडले की नवी वेळ दिसते. याच ओव्हरराइडमधून दिव्यांग विद्यार्थ्यांना तासाला किमान २० मिनिटे जादा द्यायची असतात, म्हणजे ४५ मिनिटांच्या पेपराला ६० मिनिटे. हे परीक्षेच्या आदल्या दिवशीच भरून ठेवा, ऐनवेळी मुलाला हात वर करून मागायला लावू नका. सर्व्हरवरचे ‘क्रॉन’ (ठरावीक वेळाने आपोआप कामे करणारी व्यवस्था) चालू आहे का तेही बघा. ते बंद असेल तर सबमिट न करता उठून गेलेल्यांचे पेपर ‘चालू’ म्हणूनच लटकत राहतात.

लॅबची तपासणी दोन दिवस आधी करा. जुन्या संगणकांतला, घड्याळ चालू ठेवणारा सीआर२०३२ सेल संपलेला असतो आणि तारीख कित्येक वर्षे मागे गेलेली असते. अशा संगणकावर नेटवरची सुरक्षित पाने ‘कनेक्शन खासगी नाही’ म्हणत उघडतच नाहीत, आणि आपण नेटला दोष देत बसतो. सेल बदला, तारीख नीट करा. यूपीएसवर सर्व्हर आणि संगणक जोडतात, पण स्विच राहून जातो; लाइट गेली की सगळे संगणक चालू आणि जोडणी बंद. जून ते सप्टेंबरात शिराळा, पाटण, जावळी भागात वीज कधी जाईल सांगता येत नाही, तिकडच्या शाळांनी तर बॅच सुरू करण्याआधी यूपीएस किती मिनिटे तग धरतो ते मोजूनच ठेवावे.

मग रंगीत तालीम. ५ प्रश्नांची, बिनगुणांची, पूर्ण ३६ मुलांची एक बॅच खऱ्या चाचणीच्या आठवडाभर आधी घ्या. एकट्याने चाचणी उघडून बघणे पुरेसे नाही, ३६ जणांनी एकदम ‘सुरू करा’ दाबल्यावर जे होते ते एकट्याला दिसत नाही.

मुलांना सांगायचे ते थोडके आहे. घरच्या सरावाची लिंक व्हॉट्सॲपच्या आतल्या खिडकीत उघडू नका, तीन टिंबांवरून क्रोममध्ये उघडा. आतल्या खिडकीत लॉगिन टिकेलच असे नाही आणि मेसेज बघायला मागे गेले की पेपर जाऊ शकतो. फोन निम्म्याहून जास्त चार्ज असू द्या, ‘डू नॉट डिस्टर्ब’ चालू करा, घरच्यांना पाऊण तास फोन मागू नका म्हणून सांगा. सबमिट केल्यावर प्रतिसाद नोंदवला गेल्याची ओळ दिसेपर्यंत पान बंद करू नका आणि त्या ओळीचा स्क्रीनशॉट ठेवा. रेंज गेली तर पान रिफ्रेश करू नका, रेंज येईपर्यंत थांबा आणि मग सबमिट दाबा.

बारावीच्या मुलांना याचा सीईटीसाठीही उपयोग करून द्या. एमएचटी-सीईटीच्या पीसीएम गटात भौतिक-रसायनचे १०० प्रश्न एका गुणाचे आणि गणिताचे ५० प्रश्न दोन गुणांचे, प्रत्येक भागाला ९० मिनिटे, आणि चुकीला गुण कापत नाहीत. तिथे एकही प्रश्न कोरा सोडू नये. जेईई मेनमध्ये बरोबरला ४ आणि चुकीला उणे १. मूडलमध्ये चुकीच्या पर्यायाला उणे २५ टक्के दिले की तीच पद्धत होते. पण एकाच महिन्यात दोन्ही पद्धती घेऊ नका, आणि कोणती आहे ते पेपराच्या पहिल्या ओळीत लिहा.

कॅमेरा लावून घरच्या मुलांवर पाळत ठेवण्याच्या भानगडीत पडू नका. डेटा संपतो, घराचा आतला भाग सगळ्यांना दिसतो, आणि दुसरा फोन कॅमेऱ्याबाहेर धरायला काहीच कष्ट पडत नाहीत. घरचा सराव बिनगुणांचा ठेवला की कॉपीचे कारणच उरत नाही.

निकाल लावण्याआधी प्रत्येक प्रश्नाची आकडेवारी बघा. मूडल प्रत्येक प्रश्न किती टक्के मुलांना आला ते दाखवते. चार पर्यायांत डोळे मिटून बोट ठेवले तरी २५ टक्क्यांचे बरोबर येते. एखादा प्रश्न त्याहूनही कमी मुलांना आला, किंवा वर्गातल्या पहिल्या दहा जणांचा चुकला आणि शेवटच्या दहांचा बरोबर आला, तर मुलांना दोष देण्याआधी उत्तरसूची उघडा. बहुतेक वेळा खूण चुकीच्या पर्यायावर असते. ती दुरुस्त करून ‘रीग्रेड’ केले की सगळ्यांचे गुण नव्याने मोजले जातात. प्रश्नाची भाषाच दोन अर्थांची निघाली तर तो ज्यांना ज्यांना आला त्या सर्वांना त्याचे गुण द्या आणि प्रश्न पेढीतून बाजूला काढा. निकालाची यादी नावानिशी ग्रुपवर टाकू नका, प्रत्येकाला आपापल्या लॉगिनवर बघू द्या. आणि हजेरी क्रमांक, पर्याय व मिनिटे असलेली मूळ एक्सेल फाइल सत्र संपेपर्यंत जपून ठेवा, कारण पालक विचारायला येतात तेव्हा त्यांच्यापुढे त्यांच्या मुलाची ओळ उघडून दाखवता आली पाहिजे.